चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

वैशाखात लोणच्याची कैरी फोडली की घरातली जाणती बाई फोडींना आधी नुसतं मीठ नि हळद चोळते, पातेल्यावर फडकं बांधते आणि रात्रभर ते पातेलं कोपऱ्यात सरकवून देते. सकाळी फडकं सोडावं तर काल कोरड्या असलेल्या फोडी पाण्यात बुडालेल्या असतात, आणि बाहेरून थेंबभरही पाणी कुणी घातलेलं नसतं. कैरीला पाणी सुटलं एवढं म्हणून ती पुढच्या कामाला लागते, कारण मोहरी फेसायची असते, फोडणी गार व्हायची असते आणि बरण्या उन्हाला लावायच्या असतात. पण पोरांनो, आपल्याला आज कसलीच घाई नाही, तेव्हा कंदिलाची वात थोडी वर करा, भिंतीला टेकून बसा आणि मला सांगा की फोडीतलं पाणी मिठाच्या ओढीनं बाहेर आलं, तर मीठही तितक्याच झपाट्यानं आत का शिरलं नाही? आणि मनुका पाण्यात टाकल्या की टम्म फुगतात, तेव्हा पाणी आत जातं ते दिसतंच, पण आतली साखर सगळीच्या सगळी बाहेर का पळून येत नाही? पाण्याला मोकळी आणि मिठा-साखरेला बंद अशी ही कसली वाट आहे?

हे कोडं पहिल्यांदा नीट पाहिलं ते जाँ-आंत्वान नोले नावाच्या एका फ्रेंच पाद्र्यानं. हा मोठा हौशी माणूस, बरं का. विजेचे प्रयोग नवे होते तेव्हा यानं फ्रान्सच्या राजासमोर १८० शिपाई हातात हात धरवून उभे केले आणि एका टोकाच्या शिपायाला विजेचा धक्का दिला, तर सगळी रांग एका दमात उडाली. राजा म्हणे फार खूश झाला, शिपायांना काय वाटलं ते कुणी विचारलं नाही. तर याच नोलेनं १७४८ साली एक बाटली दारूच्या अर्कानं काठोकाठ भरली, तिच्या तोंडावर डुकराच्या मूत्राशयाची ओली कातडी ताणून बांधली आणि बाटली पाण्यात बुडवून ठेवली. तो शोधत होता भलतंच काहीतरी, त्याला फक्त अर्काला हवा लागू द्यायची नव्हती. पण पाच-सहा तासांनी येऊन पाहतो तर ती कातडी वर फुगून घट्ट झालेली. टाचणीनं टोचल्याबरोबर आतून हातभर उंच चिळकांडी उडाली. पाणी कातडीतून आत घुसलं होतं आणि अर्काला मात्र त्याच कातडीतून बाहेर यायला जमत नव्हतं. शाळेच्या पुस्तकात परासरण म्हणून जो धडा असतो, त्याची सुरुवात ही अशी एका बाटलीच्या तोंडाशी झाली.

आता डुकराचं मूत्राशय ही जाडजूड गोष्ट झाली. तुमच्या-माझ्या अंगात, कैरीच्या फोडीत, गोठ्यातल्या गाईत आणि तिच्या शेणातल्या जिवाणूत ज्या पेशी आहेत, त्या प्रत्येकीभोवती जे पटल असतं ते इतकं पातळ की वहीच्या एका कागदाची जाडी भरायला अशी बारा-पंधरा हजार पटलं एकावर एक रचावी लागतील. डोळ्याला दिसायची गोष्टच सोडा, साध्या सूक्ष्मदर्शकातही त्याची जाडी कळत नाही. मग ते कशाचं बनलंय हे माणसाला कळलं तरी कसं? इथं मला तीन माणसं आठवतात, आणि तिघांच्याही हातात तेल किंवा तेलासारखंच काहीतरी होतं.

पहिला बेंजामिन फ्रँकलिन, तोच तो पतंगवाला. त्यानं लंडनजवळच्या क्लॅपम गावच्या तळ्यावर, वाऱ्यानं लाटा उठत असताना, फार तर चहाचा चमचाभर तेल ओतलं. ते पसरत पसरत अर्ध्या एकरावर, म्हणजे आपल्या हिशेबानं चांगल्या वीस गुंठ्यांवर गेलं आणि तेवढं पाणी आरशागत गप्प झालं. १७७४ साली त्यानं हे छापून सांगितलं, पण चमचाभर तेलाला वीस गुंठ्यांनी भागून जाडी काढायचं काही त्याच्या मनात आलं नाही. आलं असतं तर रेणू केवढा असतो हे त्याच दिवशी त्याच्या हाती लागलं असतं.

दुसरी आग्नेस पोकेल्स, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावची. तिला शिकायची फार ओढ, पण त्या काळी तिकडची विद्यापीठं मुलींना घेत नसत, आणि घरी आजारी आईबापांचं सगळं तिच्याच गळ्यात. तेव्हा ही पोरगी मोरीत भांडी घासताना तेलकट पाण्याकडं बघत राहायची, आणि त्या पाहण्यातून तिनं पत्र्याचं एक पसरट भांडं केलं, त्यावर सरकती पट्टी बसवली आणि पाण्यावरचा तेलाचा पापुद्रा दाबला-सैलावला की पाण्याचा ताण कसा बदलतो ते मोजलं. अशी वर्षं गेली. १८९१ साली तिनं धीर करून इंग्लंडच्या लॉर्ड रेलीला पत्र लिहिलं, आणि त्या मोठ्या मनाच्या माणसानं ते पत्र नेचर मासिकाकडं धाडून छापायला लावलं. आज मोठमोठ्या प्रयोगशाळांत पाण्यावरचे पापुद्रे मोजायला जी उपकरणं आहेत, ती तिच्या त्या भांड्याच्याच वंशातली. मला या बाईचा फार आदर वाटतो.

तिसरा एव्हर्ट गोर्टर, हॉलंडमधल्या लायडन गावचा, मुलांचा डॉक्टर. त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं, ग्रेंडेलनं, १९२५ साली कुत्रा, मेंढी, ससा, बकरी, माणूस अशा कितीकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी घेतल्या, त्यांच्यातली चरबी अॅसिटोननं धुऊन काढली आणि ती तशाच एका भांड्यात पाण्यावर पसरून दिली. मग हिशेब केला, तर चरबीनं पाण्यावर जेवढी जागा व्यापली ती पेशींच्या एकूण अंगाच्या बरोबर दुप्पट. म्हणजे पेशीभोवती चरबीचे दोन थर आहेत, एकाला एक चिकटून. आता यातली गंमत ऐका. नंतरच्या लोकांनी पाहिलं तेव्हा लक्षात आलं की या दोघांच्या हिशेबात दोन चुका होत्या: अॅसिटोननं सगळी चरबी निघालीच नव्हती, आणि पेशी वाळवून मोजल्यामुळं त्यांचं अंगही कमी भरलं होतं. एक चूक या बाजूला, दुसरी त्या बाजूला, दोन्ही एकमेकींत फिटल्या आणि उत्तर आलं ते खणखणीत बरोबर.

या चरबीच्या रेणूला एक डोकं असतं नि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना पाण्याचा तिटकारा. असे कोट्यवधी रेणू पाण्यात सोडले की कुणी न सांगता ते दोन रांगा करतात, शेपट्या आत एकमेकींकडं, डोकी बाहेर पाण्याकडं, आणि पटल तयार. कसला गवंडी नाही, कसलं माप नाही. टोचलं तर आपोआप सांधतं, ओढलं तर ताणतं. पहिला जीव या पृथ्वीवर जेव्हा केव्हा उभा राहिला, तेव्हा त्याला आपलं वेगळेपण सांभाळायला असंच काहीतरी पांघरूण लागलं असणार.

पण पांघरूण चरबीचं, म्हणजे जे चरबीत विरघळतं त्यालाच आरपार जायला सोपं. चार्ल्स ओव्हर्टन नावाचा एक इंग्रज होता, डार्विनचा लांबचा नातेवाईक, झुरिकला राहायचा. त्यानं १८९० च्या दशकात शेकडो रसायनं जिवंत पेशींवर घालून पाहिली आणि ताडलं की तेलात मुरणारी द्रव्यं पेशीत झटकन शिरतात, नि पाण्यातच रमणारी बाहेर ताटकळतात. प्राणवायू सुळकन आत जातो, कार्बन डायऑक्साइड सुळकन बाहेर येतो, दारू तर विचारूच नका, ती कुठल्याच पटलापाशी थांबत नाही, म्हणून तर घोटाबरोबर डोक्यात चढते. पण मीठ? मिठाचा सोडियम पाण्यात विरघळला की त्याच्या अंगावर विजेचा भार असतो आणि पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी बिलगलेले असतात. ते सोडून चरबीत पाऊल टाकणं त्याला पाण्यापेक्षा अब्ज पटींनी अवघड पडतं. साखरही अंगानं मोठी, तीही बाहेरच. कैरीच्या फोडीचं कोडं निम्मं इथं सुटलं.

निम्मं म्हणालो, कारण पाण्याचं अजून राहिलंय. पाणी चरबीतून थोडंफार झिरपतं खरं, पण आपलं मूत्रपिंड रोज सुमारे १८० लिटर पाणी गाळतं आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात ओढतं. एवढा ओघ काही झिरपण्यानं होत नाही. तेव्हा पाण्याची वेगळी वाट असली पाहिजे असं जाणत्यांना वाटायचं, पण ती दाखवता येईना. मग अमेरिकेत बाल्टिमोरला पीटर अॅग्रे म्हणून एक रक्ताचे डॉक्टर होते, ते शोधत होते आपल्या रक्तगटापुढं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लिहितात त्याच्यामागचं प्रथिन. त्या प्रथिनाबरोबर दरवेळी एक दुसरंच प्रथिन चिकटून यायचं, घाण म्हणून टाकावं तर ते पेशीत मुबलक. हे आहे तरी काय, म्हणून ते ज्याला-त्याला विचारत सुटले. बायकामुलांना घेऊन फ्लोरिडाची सुट्टी संपवून परतताना वाटेत आपले जुने गुरू जॉन पार्कर यांच्याकडं उतरले, आणि पार्कर म्हणाले की अरे, इतकी वर्षं लोक पाण्याची वाट शोधताहेत, ती हीच नसेल कशावरून?

आता हे ताडून कसं पाहायचं? तर बेडकाच्या अंड्यावर. बेडूक आपली अंडी गोड्या पाण्यात घालतो, आत क्षार भरपूर नि बाहेर निव्वळ पाणी, म्हणजे ती फुगून फुटायला हवीत. पण फुटत नाहीत, कारण त्यांच्या पटलात पाण्याची वाटच नसते. नाहीतर पावसाळ्यात आपल्या डबक्यात एक बेडकी वाढली नसती. १९९२ साली अॅग्रे आणि त्यांच्या सोबत्यांनी काही अंड्यांत ते प्रथिन बनवण्याचा संदेश सुईनं घातला, काहींत नुसतं पाणी, आणि सगळी अंडी पातळ पाण्यात टाकली. साधी अंडी निवांत पडून राहिली. संदेशवाली काही मिनिटांत फुगली आणि फटाफट फुटली. पाण्याची वाट सापडली होती. त्या एकेका वाटेतून सेकंदाला तीन अब्जांच्या आसपास पाण्याचे रेणू एका ओळीत जातात, आणि मिठाचा एक कण त्यांच्यात घुसू शकत नाही. २००३ सालचं नोबेल त्यांना मिळालं, आणि त्यांच्याबरोबर रॉडरिक मॅकिनन यांना, ज्यांनी पोटॅशियमची वाट उलगडली होती.

ती पोटॅशियमची वाटही ऐकण्यासारखी आहे. तिच्यातून पोटॅशियम भराभर जातो आणि सोडियम जवळजवळ जातच नाही, दहा हजारांमागं एखादा गेला तर गेला. तुम्ही म्हणाल, सोडियम मोठा असेल. नाही, तो लहान! मोठा जातो नि लहान अडतो, हे कोडं लोकांना कित्येक वर्षं सुटेना. १९९८ साली मॅकिनननी त्या प्रथिनाची घडण दाखवली तेव्हा कळलं की वाटेच्या अरुंद भागात प्राणवायूचे अणू बरोबर अशा अंतरावर बसवलेले आहेत की पोटॅशियमनं बिलगलेलं पाणी सोडून आत पाय ठेवला तरी त्याला पाण्यातच असल्यासारखं वाटतं. सोडियम अंगानं बारीक, त्याचा त्या अणूंशी मेळच बसत नाही, म्हणून तो आपलं पाणी सोडायला राजीच होत नाही. अडवलं कुणी नाही, त्याचं त्यालाच परवडत नाही.

बरं, हे झालं उताराच्या वाटांचं, जिथं जास्त तिथून कमी तिकडं आपोआप जाण्याचं. पण आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत सोडियम बाहेरच्यापेक्षा दहापट कमी असतो आणि पोटॅशियम तिसेक पट जास्त. रक्त खारट लागतं, घाम खारट, आसवं खारट, आणि पेशीचं पोट मात्र जवळपास सोडियमशिवाय. हा फरक आपोआप राहत नाही, कुणीतरी रात्रंदिवस उपसा करत असलं पाहिजे. तो उपसा करणारा सापडला खेकड्याच्या पायात. डेन्मार्कमध्ये ऑर्हूस गावी येन्स स्कोऊ नावाचे डॉक्टर भूल देणारी औषधं नसांवर कसं काम करतात ते शोधत होते, आणि त्यासाठी त्यांना हव्या होत्या खेकड्याच्या पायातल्या नसा. त्या वाटून पाहताना १९५७ साली त्यांना एक असं प्रथिन गवसलं जे सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असले तरच खडबडून जागं होतं. तोच तो उपसणारा पंप: एका फेरीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आणि दर फेरीला आपण खाल्लेल्या भाकरीतली थोडी ताकद खर्च. तुम्ही झोपलेले असता, हात-पाय हलत नाहीत, तेव्हाही अंगात जी ताकद खर्च होते तिच्यातला पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त या एकट्या उपशावर जातो. नोबेल मिळालं तेव्हा, १९९७ साली, स्कोऊ ऐंशीच्या घरात पोचले होते.

हा उपसा थांबला तर काय होतं, ते आपल्या बांधावर उभं आहे. कण्हेर! गुरं तिला तोंड लावत नाहीत, आणि उपाशी वासरानं चार पानं खाल्ली तर ते वाचायची शाश्वती नाही, हे गुराख्याच्या पोराला माहीत असतं. कण्हेरीच्या पानात, बियांत आणि पिवळ्या बिट्टीच्या फळात जे विष आहे ते नेमकं या पंपाला धरून बसतं. पंप बंद पडला की हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडतो नि जीव जातो. तिकडं इंग्लंडात डिजिटालिस नावाच्या रानफुलात याच जातीचं द्रव्य आहे, आणि विल्यम विदरिंग नावाच्या वैद्यानं १७८५ साली पुस्तक लिहून दाखवलं की ते अगदी मोजून दिलं तर अंगावर सूज आलेल्या हृदयरोग्याला उतार पडतो. मोजून म्हणजे डॉक्टरनं मोजून, हे पक्कं ध्यानात ठेवा; कण्हेरीचा काढा कुणी सुचवला तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका.

आता येते माझी सगळ्यात आवडती गोष्ट, जिच्यासाठी मी तुम्हाला इतका वेळ बसवून ठेवलं. एवढी ताकद खर्चून पेशी सोडियम बाहेर का ढकलते? कारण बाहेर साचलेल्या त्या सोडियमला आत यायची विलक्षण ओढ असते, आणि त्या ओढीवर पेशी आपली कामं करून घेते. आतड्याच्या पेशीला अन्नातली साखर आत घ्यायची असते, पुष्कळदा आत आधीच जास्त असली तरी. त्यासाठी तिच्या पटलात एक प्रथिन आहे, त्याला मी बैलगाडी म्हणतो. संध्याकाळी रानातून घराकडं निघालेल्या बैलांना चाबूक लागत नाही, ते गोठ्याच्या ओढीनंच चालतात, आणि गाडीत जे भरलंय ते त्यांच्यामागं घरी पोचतं. इथं बैल म्हणजे दोन सोडियम, आणि गाडीतला माल म्हणजे साखरेचा एक रेणू. पण या गाडीची एक अट आहे: माल भरल्याशिवाय ती हलत नाही, आणि बैल जुंपल्याशिवाय माल जात नाही. नुसत्या सोडियमला तिथून प्रवेश नाही, नुसत्या साखरेलाही नाही. गाडी आत पोचली की पंप ते बैल सोडवून पुन्हा रानात नेऊन सोडतो. रॉबर्ट क्रेन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं हे पहिल्यांदा मांडलं ते १९६० च्या ऑगस्टमध्ये, प्राग शहरातल्या एका सभेत, कागदावर हातानं आकृती काढून. प्रत्यक्ष प्रथिन हाती लागलं १९८७ साली, आणि तेही बेडकाच्या अंड्यात. त्या अंड्यांचे माणसावर किती उपकार आहेत बघा. मूत्रपिंडातही अशाच गाड्या गाळलेली साखर परत आणतात, आणि मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या त्यांतल्याच काही अडवून धरतात, म्हणजे जादाची साखर लघवीवाटे निघून जाते. तुमच्यातल्या कितीकांच्या आजी त्या गोळ्या घेत असतील.

तर आता पटकीकडं या. जुन्या काळी गावाच्या वेशीवर मरीआईचं देऊळ असायचं ते याच रोगाच्या धास्तीनं. पटकीच्या जंतूचं विष आतड्याच्या पेशीला मारत नाही, तिची क्लोराइडची वाट मात्र उघडी ठेवून देतं. क्लोराइड बाहेर आतड्यात वाहू लागतो, त्याच्यामागं सोडियम जातो, त्यांच्यामागं पाणी, आणि जबर रोग्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी निघून जाऊ शकतं. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्री नसायचा. या विषाचा माग १९५९ साली कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून लावला, अगदी साध्या साधनांनी. त्यांना नोबेल मिळायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. गेलेलं पाणी-मीठ शिरेतून परत द्यावं हे तर स्कॉटलंडच्या लीथ गावात थॉमस लॅटा यांनी १८३२ सालीच करून दाखवलं होतं. पण शिरेतून द्यायला बाटल्या हव्यात, सुया हव्यात, शिकलेला माणूस हवा. आणि तोंडानं नुसतं मिठाचं पाणी पाजावं तर ते आतड्यात शोषलंच जात नाही, जसंच्या तसं बाहेर. पाजून काही होत नाही हे पाहून लोकांनी उलटच ठरवलं: जुलाब लागलेल्या पोराचं पाणी तोडायचं. त्या एका समजुतीनं किती लेकरं गेली असतील, मोजदाद नाही.

पण ऐकलंत ना तुम्ही? पटकीचं विष त्या बैलगाडीला हात लावत नाही. बाकी सगळं बिघडलं तरी ती गाडी शाबूत असते. म्हणजे मिठाच्या पाण्यात थोडी साखर घातली की माल मिळाला, बैल चालले, आणि आत गेलेल्या मिठा-साखरेमागं पाणीही आत. चमचाभर साखरेचा हा फरक! १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी हे रुग्णांवर सिद्ध केलं, पण ते रुग्णालयात, सगळं मोजूनमापून. खरी परीक्षा झाली १९७१ साली. पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोटी माणसं जीव मुठीत धरून सरहद्द ओलांडून आली होती, आणि पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. तिथं दिलीप महालनबीस पोचले, हेही गोर्टरसारखेच मुलांचे डॉक्टर. इस्पितळाच्या दोन खोल्यांत जमिनीवर माणसं पडलेली, शिरेत सुई घालायची तर त्या घाणीत गुडघे टेकून बसावं लागे, आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. दोन दिवसांत त्यांनी ओळखलं की असं चाललं तर आपण हरलो.

तेव्हा त्यांनी ठरवलं, तोंडानं पाजायचं. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कोलकात्याला पुड्या भरल्या, छावणीत पिंपात पाणी कालवलं, आणि पाजायचं काम दिलं ते रोग्याच्या आईला, बहिणीला, नवऱ्याला. मोठ्या डॉक्टरांना तेव्हा हे पटत नव्हतं. अडाणी माणसाच्या हातात औषध द्यायचं म्हणजे काय! पण छावणीत जिथं शंभरातले तीसेक दगावत होते, तिथं हे पाणी पाजलेल्यांत दगावण्याचं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास आलं. १९७८ साली लॅन्सेट या वैद्यकाच्या मातब्बर नियतकालिकानं साखर नि सोडियमच्या या जोडीचा शोध बहुधा शतकातला सर्वांत मोठा वैद्यकीय शोध ठरावा असं लिहिलं. महालनबीस २०२२ साली गेले. पद्मविभूषण त्यांना मिळालं ते गेल्यावर, आणि याची मला फार खंत वाटते.

पुढं बांगलादेशात ब्रॅक नावाच्या संस्थेच्या बायका १९८० पासून घरोघर फिरल्या, एकेका आईच्या ओसरीवर बसल्या आणि तिला शिकवत गेल्या: तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढं मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. नुसतं सांगून नाही, तिच्याच हातानं करवून, चाखून. एक कोटीहून अधिक घरं त्यांनी पालथी घातली. क्रेननं प्रागला कागदावर काढलेली ती आकृती त्या बायांनी पाहिली नव्हती, पण तिचं काम त्यांच्या बोटांच्या चिमटीत होतं.

आपल्याकडं आरोग्य केंद्रात जलसंजीवनीचं पाकीट मिळतं, आणि ते सगळ्यात चांगलं, कारण त्यात पोटॅशियमही असतो. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चमचा. माया करून साखर वाढवायची नाही. जास्त झाली तर ती आतड्यातच राहते आणि कैरीवरच्या मिठागत अंगातलं पाणी उलट बाहेर ओढते. मीठ तर त्याहून जपून, आसवांपेक्षा खारट लागलं की पाणी फेकून द्यायचं आणि नवं करायचं. पाकिटातलं मीठ-साखरेचं प्रमाणसुद्धा २००२ नंतर याच कारणानं उतरवलं गेलं. बाळ अंगावर पीत असेल तर ते पाजणं तोडायचं नाही. केलेलं पाणी दिवसभरात वापरायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी नाही. बाळाचे डोळे खोल गेले, ते सुस्तावलं, लघवी थांबली, तर दवाखाना गाठायचा आणि वाटेतही पाजत राहायचं. आणि पाजल्यावर उलटी झाली तरी हात आखडायचा नाही. दहा मिनिटं थांबायचं, मग चमच्या-चमच्यानं पुन्हा सुरू करायचं.